तबकडीचे पाठभेद

१

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या मनुष्याकडे आपला समाज दोन दृष्टींनीं पाहतो. संग्रह पोथ्यांचा, नाण्यांचा किंवा ताम्रपटांचा असेल तर त्यास संशोधक म्हणतात. तोच काड्यांच्या पेट्यांचा किंवा पोस्टाच्या तिकिटांचा असेल तर त्यास छांदिष्ट म्हणतात. इंग्रजी गाण्यांच्या जुन्या तबकड्या गोळा करणारास तर हें दुसरें नांव देण्यासही कित्येक तयार नसतात. त्यांच्या मतें तो निव्वळ उधळ्या! ज्या गाण्यांस इंग्रजांच्याच वडील पिढीनें गोंगाट म्हटलें, त्यांच्या पन्नास-साठ वर्षांपूर्वींच्या प्रती अवाच्या सवा दरानें विकत घ्यावयाच्या, तबकडीच्या मध्याजवळ कोरलेले बारीक अंक भिंगानें वाचावयाचे, आणि एकाच गीतसंग्रहाच्या चार-चार प्रती कपाटांत ओळीनें लावून ठेवावयाच्या, ह्यांत शहाणपण तें कोणतें, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. मींही तो एका स्नेह्यांस विचारला होता. त्यांनीं त्याचें उत्तर व्याख्यान देऊन दिलें नाहीं. दोन तबकड्या एकीमागून एक लावून दिलें. तेव्हांपासून ह्या विषयाकडे मी इतिहासाच्या दृष्टीनें पाहूं लागलों. तो विचार वाचकांपुढें ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

पहिली तबकडी बीटल्स मंडळीच्या 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' ह्या १९६७ सालच्या गीतसंग्रहाची होती. दुसरीही त्याच संग्रहाची, त्याच वर्षाची, त्याच कंपनीची. वेष्टन तेंच, गाणीं तींच, क्रम तोच. परंतु घर सोडून निघून गेलेल्या मुलीवरचें जें एक गाणें त्यांत आहे, तें पहिल्या तबकडीवर एका पट्टींत वाजलें, आणि दुसरीवर अंमळ खालच्या पट्टींत व अधिक संथ वाजलें. शेवटाकडील एका गाण्यांत गायकानें मध्येंच मारलेल्या आरोळ्या पहिलीवर स्पष्ट होत्या. दुसरीवर त्या जवळजवळ बुडून गेल्या होत्या. "ह्यांतलें खरें कोणतें?" असें मीं विचारलें. स्नेही हंसून म्हणाले, "महाभारताच्या दोन पोथ्या समोर आल्या म्हणजे भांडारकर संस्थेंतले पंडित दुसरें काय विचारीत असत?"

उपमा पहिल्यानें मला अतिशयोक्तीची वाटली. आज ती तशी वाटत नाहीं.

२

ह्या प्रश्नाचें मर्म कळण्यास थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. एमिल बर्लिनर ह्यानें १८८७ सालीं ग्रामोफोनचें पेटंट मिळविलें, आणि त्याची चपटी तबकडी पुढें जगभर पसरली. कित्येक दशकें ही तबकडी मुख्यत्वें लाखेची असे, आणि ती लाख बव्हंशीं आपल्याच देशांतील जंगलांतून जाई. तबकडी मिनिटास सुमारें ७८ फेरे घेई. एका बाजूस तीन-चार मिनिटांचें गाणें मावे. हातांतून पडली कीं तिचे तुकडे होत. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें व्हिनाइल नांवाच्या कृत्रिम द्रव्याची तबकडी बाजारांत आणली. ती मिनिटास ३३ व एकतृतीयांश फेरे घेई आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजे. त्यामुळें सुटें गाणें जाऊन दहा-बारा गाण्यांचा एक संग्रह, म्हणजे जणूं एक ग्रंथच, सिद्ध करतां येऊं लागला.

परंतु तोंवर एक गोष्ट कायम होती. तबकडी ही गाण्याची नक्कल होती. गवई गात असे, यंत्र टिपून घेत असे. मूळ तें गवयाच्या गळ्यांत, आणि तबकडीवर त्याचें प्रतिबिंब. १९६६-६७ च्या सुमारास विलायतेंतील व अमेरिकेंतील कांहीं तरुण गायकांनीं हा संबंध उलटा केला. त्यांच्या संगीतास 'सायकेडेलिक' म्हणतात. हा शब्द हंफ्री ऑस्मंड ह्या इंग्रज मानसवैद्यानें १९५६ सालीं ग्रीक धातूंवरून बनविला. चित्ताचें स्वरूप प्रकट करणारें, असा त्याचा अर्थ. तो मुळांत एल. एस. डी. सारख्या मादक द्रव्यांच्या संशोधनांतला, आणि त्या द्रव्यांच्या नादानें अनेकांचीं आयुष्यें उद्ध्वस्त झालीं हेंही विसरतां येत नाहीं. तथापि संगीताच्या इतिहासांत त्या शब्दाचा अर्थ निराळा उरला आहे: ध्वनिमुद्रणाच्या यंत्रालाच वाद्य करून सोडणें.

बीटल्स मंडळींतील चौघे म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन व रिंगो स्टार. १९६६ च्या ऑगस्टमध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें शेवटचा जलसा करून त्यांनीं गांवोगांवचे दौरे कायमचे थांबविले. त्याच महिन्याच्या आरंभीं, ५ ऑगस्टला, त्यांचा 'रिव्हॉल्व्हर' हा संग्रह निघाला होता. त्यांतील शेवटच्या गाण्यांत ध्वनिफितीचीं लहान वेटोळीं करून तीं एकाच वेळीं अनेक यंत्रांवर फिरविलीं होतीं. कोठें फीत उलट चालविली होती. लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या कर्ण्यांतून काढला होता. असें गाणें कोणत्याही सभागृहांत, कोणत्याही गवयानें, कधींच गाइलेलें नव्हतें. तें जन्मासच फितीवर आलें. येथें तबकडी ही नक्कल नव्हे. तबकडी हेंच मूळ. आणि मूळ म्हटलें कीं त्याच्या शुद्धाशुद्ध पाठांचा प्रश्न आलाच.

३

दोन तबकड्यांतील भेदाचें कारण आतां सांगतों. एका कर्ण्यांतून सर्व आवाज एकत्र येतो त्या पद्धतीस मोनो म्हणतात. डाव्या व उजव्या अशा दोन कर्ण्यांतून आवाज वांटून येतो त्या पद्धतीस स्टीरिओ म्हणतात. स्टीरिओ तबकड्या बाजारांत १९५८ च्या सुमारास आल्या खऱ्या, परंतु विलायतेंतील सामान्य घरांत १९६७ सालींही मोनो यंत्रेंच अधिक होतीं, आणि ह्या संगीताचा श्रोता बहुतेक तरुण, म्हणजे बेताच्या खिशाचा. म्हणून गायकांचें व त्यांचे मुद्रणमार्गदर्शक जॉर्ज मार्टिन ह्यांचें सारें लक्ष मोनोकडे असे. 'सार्जंट पेपर' च्या मोनो मिश्रणास चौघेही बसत, सूचना करीत, पुनःपुन्हा ऐकत. स्टीरिओ मिश्रण मागाहून मार्टिन व ध्वनियंत्रज्ञ जेफ एमरिक ह्यांनीं त्यांच्या गैरहजेरींत थोड्या दिवसांत उरकलें. पट्टी बदलली, आरोळ्या बुडाल्या, त्या ह्या घाईमुळें.

पुढें काळ उलटला. स्टीरिओ यंत्रें स्वस्त झालीं आणि १९६९ च्या सुमारास विलायतेंत मोनो तबकड्या काढणें बंद पडत गेलें. अमेरिकेंत तर त्या आधींच बंद झाल्या होत्या. १९८७ सालीं हा संग्रह काँपॅक्ट डिस्कवर निघाला तोही स्टीरिओ. म्हणजे कर्त्यांनीं स्वतः बसून सिद्ध केलेला पाठ मागें पडला, आणि त्यांनीं जवळजवळ दुर्लक्षिलेला पाठ जगानें प्रमाण मानला! एखाद्या कवीनें तपासून दिलेली प्रत बाजूस पडावी आणि खिळे जुळविणारानें घाईनें केलेली आवृत्ति शाळांतून लागावी, तसें हें झालें. थोडे अपवाद सोडल्यास मोनो पाठ सामान्य श्रोत्यास पुन्हा सहज मिळूं लागला तो २००९ च्या सप्टेंबरांत मोनो संच निघाला तेव्हां. आणि जुन्या फितींवरून नव्यानें कापलेल्या व्हिनाइल तबकड्यांचा मोनो संच आला तो २०१४ सालीं. मधल्या चाळीस वर्षांत हा पाठ कोठें होता? मूळ फिती कंपनीच्या तळघरांत होत्या, परंतु त्या कोणाच्या कानीं पडत नव्हत्या. कानीं पडत होत्या त्या छांदिष्टांच्या कपाटांतील ओरखडलेल्या तबकड्या. दोन पाठ निराळे आहेत हें जगास वारंवार सांगत राहिले तेही हेच लोक.

राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' काढावयास १८९८ सालीं आरंभ केला, त्यापूर्वीं पेशवाईचीं दफ्तरें जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या तोंडीं पडलीं होतीं. त्यांची किंमत त्या वाड्यांच्या धन्यांसही ठाऊक नव्हती. दोहोंचें महत्त्व सारखें आहे असें मला म्हणावयाचें नाहीं. मात्र दोहोंकडे नियम एकच दिसतो: ज्याच्या ताब्यांत साधन असतें तो त्याचा रक्षक असतोच असें नाहीं.

४

खरा संग्राहक तबकडी कशी वाचतो, तेंही पाहण्यासारखें आहे. गाण्याची नागमोडी रेघ प्रथम लाखटलेल्या मऊ चकतीवर कोरतात. तिच्यावर धातूचा थर चढवून उलटा ठसा काढतात, त्यास इंग्रज कारागीर 'बाप' म्हणतात. बापापासून सुलटी 'आई' होते, आणि आईपासून पुन्हा उलटे 'साचे' होतात. त्या साच्यांनीं तप्त व्हिनाइल दाबून तबकड्या निघतात. लंडनजवळील हेझ येथील कारखान्यांत रेघ संपून लेबलापर्यंत जी मोकळी जागा राहते, तींत ह्या साऱ्या वंशाची नोंद ठोकलेली असे. एका बाजूस मूळ कोरणीचा क्रमांक. दुसरीकडे आईचा क्रमांक. आणि तिसरीकडे साच्याचा क्रमांक, तो मात्र अंकांत नव्हे तर अक्षरांत. 'ग्रामोफोन लिमिटेड' ह्या कंपनीच्या नांवांतील जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ह्या दहा अक्षरांस अनुक्रमें १ पासून ९ व शेवटीं शून्य अशी किंमत दिलेली होती. म्हणजे 'जी' दिसला कीं पहिला साचा. 'आर ए' दिसलें कीं तेविसावा. आपल्या जुन्या ग्रंथांतून शक शब्दांनीं सांगत, तशांतलाच हा प्रकार. आणि पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव, तिथि व गांव लिही, त्या पुष्पिकेचेंही काम हे अंक करतात.

ह्या अंकांवरून एक पाठभेद असा उघडकीस आला आहे. 'रिव्हॉल्व्हर' मधील ज्या शेवटच्या गाण्याचा उल्लेख वर केला, त्याचीं अनेक मोनो मिश्रणें केलेलीं होतीं. छपाईस अकरावें मिश्रण गेलें. परंतु जुलै १९६६ मध्यें मार्टिनचें मन बदललें आणि त्यांनीं आठवें घालावयास सांगितलें. तोंवर कांहीं तबकड्या दाबून झाल्या होत्या, व त्या विकल्याही गेल्या. दुसऱ्या बाजूच्या कोरणीचा क्रमांक जेथें ६०६-१ असा आहे, तेथें तें टाकून दिलेलें अकरावें मिश्रण ऐकूं येतें. कर्त्यानें खोडलेली ओळ वाचावयास मिळावी, तसा हा लाभ आहे.

अमेरिकेंतील प्रतींचा प्रकार तर क्षेपकांचा आणि गाळलेल्या श्लोकांचा. तेथील कॅपिटॉल कंपनी विलायती संग्रह मोडून आपल्या सोयीनें नवे संग्रह जुळवीत असे. 'रिव्हॉल्व्हर' मध्यें विलायतेंत चौदा गाणीं. त्यांतील तीन आधींच दुसऱ्या एका संग्रहांत घातल्यामुळें अमेरिकेच्या प्रतींत अकराच उरलीं. तीं तिन्ही लेननच्या तोंडचीं होतीं. त्यामुळें अमेरिकन श्रोत्यास त्या संग्रहांत लेननचा भाग विलायतेपेक्षां बराच कमी दिसला. ज्या दुसऱ्या संग्रहांत तीं गेलीं, त्याच्या वेष्टनावर चौघे खाटकाच्या वेषांत मांसाचे तुकडे व मोडक्या बाहुल्या घेऊन बसलेले दाखविले होते. ओरड होतांच कंपनीनें जून १९६६ मध्यें प्रती परत मागविल्या व कित्येकांवर दुसरें साधें चित्र चिकटवून त्याच पुन्हा विकावयास काढल्या. वरचा कागद वाफेनें सोडवून खालचें चित्र काढण्याची कलाच पुढें संग्राहकांत निर्माण झाली. चर्मपत्रावरचा जुना लेख खरडून त्यावर नवा लिहीत, त्या युरोपांतील मध्ययुगीन पोथ्यांची येथें आठवण होते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पूर्ण झाली. सुकथनकरांनीं आंखून दिलेली त्या कामाची शिस्त अशी, कीं पाठ ठरविण्यापूर्वीं प्रती जमवाव्या, त्यांचे वंश लावावे, आणि आपली आवड बाजूस ठेवावी. 'रिव्हॉल्व्हर' निघाला तेंही वर्ष तेंच. हा केवळ योगायोग. परंतु माझ्या स्नेह्यांनीं भिंग घेऊन चालविलेलें काम ह्याच शिस्तीचें आहे, हें मला आतां मान्य करावें लागतें.

५

आपल्या वाचकांस ह्या तबकड्यांत आपलेंही कांहीं सांपडेल. 'रिव्हॉल्व्हर' वर हॅरिसनचें हिंदी वाद्यांच्या साथीचें एक गाणें आहे. वेष्टनाच्या पाठीवर त्या गाण्यापुढें तबल्याच्या साथीदाराचें नांव छापलें आहे: अनिल भागवत. मराठी कानास हें आडनांव ओळखीचें वाटल्यावांचून राहत नाहीं. 'सार्जंट पेपर' च्या वेष्टनासाठीं पीटर ब्लेक व जॅन हॉवर्थ ह्यांनीं प्रसिद्ध व्यक्तींच्या पुतळ्याचित्रांचा जो मेळावा रचला, त्यांत महात्मा गांधींचें चित्र होतें. हिंदुस्थानांत लोकांचीं मनें दुखावतील ह्या भीतीनें कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवुड ह्यांनीं तें काढावयास लावलें. परमहंस योगानंद व त्यांच्या गुरुपरंपरेंतील तिघे मात्र राहिले.

पुढें १९६८ च्या जानेवारींत हॅरिसन स्वतः मुंबईस आला आणि एच. एम. व्ही. च्या मुद्रणगृहांत 'वंडरवॉल म्युझिक' ह्या संग्रहाचा हिंदी भाग त्यानें मुद्रित केला. मुंबईंत त्या वेळीं एकमार्गी यंत्रच होतें. दुमार्गी यंत्र कलकत्त्याहून आणवावें लागलें. मोनो-स्टीरिओचा झगडा असा फोर्टापर्यंत येऊन पोंचला होता! त्या संग्रहाच्या वेष्टनावर सरोदिये आशिष खान, संतूरवादक शिवकुमार शर्मा, तारशहनाईचे विनायक व्होरा, बांसरीवाले एस. आर. केंकरे अशीं नांवें ओळीनें आहेत. ह्यांतील कांहीं पुढें जगप्रसिद्ध झाले. कांहींचीं नांवें आपल्याकडील संगीताच्या पुस्तकांतूनही क्वचितच भेटतात. कोणी गोळा करून जपलेलें पुठ्ठ्याचें एक वेष्टन त्यांच्या त्या दिवसांची साक्ष आहे. गाणें आज कोणत्याही खिशांतल्या यंत्रावर मागतांच मिळतें. पण तें बहुधा एकट्या मुख्य गायकाच्या नांवानें मिळतें, साथीदार वाटेंत कोठें तरी उतरलेले असतात.

६

येथवर संग्राहकाची बाजू मांडली. आतां त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. 'दि बीटल्स' ह्या १९६८ च्या पांढऱ्या वेष्टनाच्या जोडसंग्रहावर, चित्रकार रिचर्ड हॅमिल्टन ह्याच्या कल्पनेप्रमाणें, प्रत्येक प्रतीस निराळा क्रमांक छापला होता. लाखों प्रती निघणाऱ्या वस्तूवर मर्यादित आवृत्तीचा क्रमांक घालावा, ही त्यांतली थट्टा. परंतु थट्टा लोकांनीं खरी मानली. रिंगो स्टारजवळची पहिल्या क्रमांकाची प्रत डिसेंबर २०१५ च्या लिलांवांत ७,९०,००० डॉलरांस गेली. त्या प्रतींतलें गाणें दहा हजाराव्या प्रतीहून कांहीं गोड लागत नाहीं. त्याच संग्रहाच्या मोनो व स्टीरिओ प्रतींत मात्र खरा भेद आहे: एका दणदणीत गाण्याच्या शेवटीं बोटांना फोड आले म्हणून रिंगोनें मारलेली आरोळी स्टीरिओंत आहे, मोनोंत ती मुळींच नाहीं. हा भेद जाणण्यास पहिला क्रमांक लागत नाहीं, कान लागतात. अमेरिकेंत २०२२ सालीं, १९८७ नंतर प्रथमच, व्हिनाइल तबकड्या काँपॅक्ट डिस्कांहून अधिक संख्येनें खपल्या. त्यांतल्या किती ऐकण्यासाठीं घेतल्या आणि किती भिंतीवर टांगण्यासाठीं, हा विचार मनांत येतोच. वेष्टनावरचा मूळ कागद न फोडतां जपलेली तबकडी पाहिली म्हणजे मला, सोवळ्यांत बांधून ठेवलेली व कोणीच न वाचलेली पोथी आठवते. ती सुरक्षित असते, परंतु मुकी असते.

हें सर्व लिहिण्याचा मला काय अधिकार, असें कोणी विचारील. म्हणून एक गोष्ट सांगून टाकतों. आमच्या घरीं आजोबांच्या वेळच्या लाखेच्या तीस-चाळीस तबकड्या एका लांकडी पेटींत होत्या. घर बदलतांना वर्तमानपत्रांच्या रद्दीबरोबर मींच त्या देऊन टाकल्या. कोणी सांगितलें नव्हतें. जागा नव्हती, आणि यंत्र बिघडलें होतें. त्यांत एक तबकडी दिवाळीच्या पहांटे आजोबा लावीत. अगदीं आरंभीच्या काळांत गाणें संपतां संपतां गाणारीनें आपलें नांव मोठ्यानें सांगावयाचा प्रघात होता, कारण तबकड्या परदेशांत दाबल्या जात आणि तेथील कारागिरांस नांवाचा पत्ता लागावा. त्या तबकडीवरील बाईही शेवटीं आपलें नांव सांगत असे. तिच्या सांगण्याची ऐट, शेवटच्या अक्षरावरचा तो झोंक, मला अजून ऐकूं येतो. नांव मात्र आठवत नाहीं.

माझ्या स्नेह्यांकडे ह्या गोष्टीचा मीं उल्लेख केला तेव्हां ते बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं त्यांची एक वही काढून दाखविली. तींत त्यांच्या प्रत्येक तबकडीचा कोरणीक्रमांक, आईचा व साच्याचा क्रमांक, वेष्टनावरील सर्व साथीदारांचीं नांवें आणि प्रत तपासल्याची तारीख टांकानें नीट लिहून ठेविली होती. "मी गेल्यावर तबकड्या कोठेंही जावोत," ते म्हणाले, "ही वही असली म्हणजे घेणारास कळेल, काय हातीं आलें तें." कोणत्याही संग्रहाचें मोल मी आतां ह्या एका वहीवरून ठरवितों. ज्याच्या घरीं अशी वही नाहीं, आणि ज्याच्या घरची पेटी अजून रद्दींत गेलेली नाहीं, त्यानें ती वही आजच सुरू करावी. तबकडी इंग्रजी गाण्याची आहे कीं नाटकांतल्या पदाची, हा प्रश्न नंतरचा.